ताऱ्यांचं दप्तर – लेखांक ६ : आकाशगंगेने गिळलेली दीर्घिका

मागच्या आठवड्यात आपण गाया हे यान ताऱ्यांची अंतरं आणि गती कशी मोजत होतं, ते पाहिलं. सहा तासांत स्वतःभोवती एक फेरी, एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करून बसवलेल्या दोन दुर्बिणी, जवळजवळ एक अब्ज पिक्सेलचा कॅमेरा आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर मुक्काम. एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न तिथे अर्धवट राहिला होता. त्याचं आजवरचं सगळ्यात मोठं उत्तर हे, की आपल्या आकाशगंगेने सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी एक अख्खी दीर्घिका गिळली. ती काही किरकोळ नव्हती. तेव्हाच्या आकाशगंगेच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढं तिचं वस्तुमान असावं, असा पहिला अंदाज निघाला. सूर्याचा तेव्हा पत्ताही नव्हता. त्याचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या थोडं पुढे आहे. त्या दीर्घिकेचे तारे आजही आपल्या आसपास आहेत आणि काही तर थेट आपल्या शेजारून जाताहेत.

‘गिळली’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे आदळआपट येते. प्रत्यक्षात दोन दीर्घिका एकमेकींत शिरतात तेव्हा तारे सहसा एकमेकांवर आपटत नाहीत, कारण त्यांच्यामध्ये जागाच अफाट असते. आपटतो तो वायू. तारे गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत आपापल्या वाटा बदलतात आणि पांगतात. पुढे अडचण होते ती या पांगण्यामुळेच. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी मारायला २२ ते २३ कोटी वर्षं लागतात. याच गतीने १० अब्ज वर्षांत चाळीसहून अधिक फेऱ्या होतात. एवढ्या फेऱ्यांनंतर बाहेरून आलेले तारे इथल्या ताऱ्यांत असे मिसळतात, की आकाशाच्या नकाशावर त्यांचा वेगळा पुंजका कुठेच दिसत नाही. नुसतं आकाश बघून हा इतिहास कळला नसता.

मग कळला कसा? ताऱ्याची जागा बदलली तरी दोन गोष्टी बऱ्याच अंशी टिकून राहतात. एक म्हणजे त्याच्या कक्षेचा स्वभाव: तो कुठल्या दिशेने फिरतो, गोल फिरतो की केंद्राकडे झेपावून पुन्हा लांब जातो, त्याची ऊर्जा किती. दुसरी म्हणजे तो ज्या वायूतून जन्मला त्याची रासायनिक घडण. पुण्या-मुंबईत चार पिढ्या काढलेलं कुटुंबही आडनावाच्या शेवटी ‘कर’ लावून मूळ गाव बाळगून असतं. गाव सुटतं, घर पडतं, आडनाव राहतं. ताऱ्याच्या वर्णपटातली मूलद्रव्यं त्याच्यापुरती तेच काम करतात.

मात्र यातली एकच गोष्ट हाताशी असली की फसगत होऊ शकते. आपल्या ओळखीच्या स्वातीचंच उदाहरण घेऊ. सप्तर्षींच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की भेटणारा हा नारिंगी तारा आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षांवर आहे. १७१८ साली एडमंड हॅलीने प्राचीन ग्रीक नोंदी आणि आपल्या काळातल्या जागा ताडून पाहिल्या, तेव्हा स्वाती, व्याध आणि रोहिणी हे तीन तारे सरकल्याचं त्याच्या लक्षात आलं. ‘स्थिर तारे’ स्थिर नाहीत, याचा तो पहिला पुरावा. स्वाती तर इतक्या वेगाने सरकतो, की सुमारे ८०० वर्षांत तो चंद्रबिंबाच्या रुंदीएवढं अंतर कापतो. आकाशगंगेभोवती फिरताना तो सूर्याच्या बराच मागे पडतो, आणि त्याच्यासारखीच चाल असलेले आणखीही तारे आहेत. त्यावरून २००४ साली काही संशोधकांनी मत मांडलं, की हा सगळा गट बाहेरून आलेल्या एखाद्या बटुदीर्घिकेचा अवशेष असावा. कल्पना आकर्षक होती. पण पुढे या गटातल्या ताऱ्यांचं रसायन तपासलं, तर ते एकसारखं निघालं नाही. एका घरातले असते तर एवढी विविधता दिसली नसती. आज स्वातीला इथलाच, आकाशगंगेच्या जाड तबकडीतला, म्हणजे तबकडीच्या जुन्या ताऱ्यांच्या जाड थरातला, रहिवासी मानतात. त्याच्यात सूर्याच्या मानाने एक तृतीयांशाच्या आसपास लोह आहे. गतीने संशय आला, रसायनाने तो फेडला. २००४ साली ते मत मांडणाऱ्यांत अमिना हेल्मी हे नाव होतं. ते ध्यानात ठेवा, कारण या लेखांकाची खरी नायिका तीच आहे.

रसायनाचा हा पुरावा नेमका कसा वाचतात, ते जरा सावकाश बघू. सगळं त्यावरच उभं आहे.

विश्वाच्या सुरुवातीला हायड्रोजन आणि हेलियम होतं. त्याहून जड काही म्हणावं असं नव्हतंच. जड मूलद्रव्यं ताऱ्यांनी घडवली, पण सगळी एका वेळी नाही. सूर्याच्या आठपटींहून जड तारे काही कोटी वर्षांच्या आत आयुष्य संपवून स्फोट पावतात आणि ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन भरपूर उधळतात. लोहही देतात, पण बेताचं. लोहाचा मोठा साठा दुसऱ्या प्रकारच्या स्फोटातून येतो. त्यासाठी आधी एखाद्या मध्यम ताऱ्याचा श्वेतबटू व्हावा लागतो आणि मग जोडीदार ताऱ्यामुळे तो फुटावा लागतो. याला काही कोटींपासून कित्येक अब्ज वर्षंही लागू शकतात. थोडक्यात, मॅग्नेशियम लवकर मिळतं आणि लोह उशिरा.

आता दोन दीर्घिका घ्या. मोठीत वायू भरपूर, तारे झपाट्याने जन्मतात. श्वेतबटू फुटायला लागेपर्यंत तिथे पहिल्या प्रकारच्या स्फोटांनीच लोहाची पातळी बरीच वर गेलेली असते, आणि सोबत मॅग्नेशियमही. लहान दीर्घिकेचा कारभार संथ. तिथे श्वेतबटूंचं लोह येऊन पोचतं तेव्हा एकूण पातळी अजून खालीच असते, त्यामुळे लोहाच्या मानाने मॅग्नेशियमचं प्रमाण लवकर घसरतं. म्हणून सारखंच लोह असलेले दोन जुने तारे समोर ठेवले आणि एकात मॅग्नेशियम कमी निघालं, तर तो लहान घरातला असण्याची शक्यता जास्त. एका ताऱ्यावरून हे सांगू नये, कारण मोजणीत चूक असते. पण शेकडो तारे दोन वेगळ्या रांगांत उभे राहिले, तर तो योगायोग नव्हे.

तशा दोन रांगा पहिल्यांदा स्पष्ट दिसल्या २०१० साली. डेन्मार्कचे पोल एरिक निस्सेन आणि मेक्सिकोत काम करणारे विल्यम शुस्टर यांनी सूर्याच्या परिसरातल्या अवघ्या ९४ ताऱ्यांचे वर्णपट अतिशय काळजीपूर्वक मोजले. वेगाने धावणाऱ्या जुन्या ताऱ्यांत दोन घराणी आहेत, एक मॅग्नेशियमने श्रीमंत आणि दुसरं गरीब, हे त्यांनी दाखवलं. गरीब घराणं बाहेरून आलं असावं, असंही सुचवलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत देखणा शोधनिबंध आहे. गायाच्या उड्डाणाच्याही आधी, शंभराच्या आतल्या ताऱ्यांवर.

पण ९४ ताऱ्यांवरून आकाशगंगेचा इतिहास लिहायला कोणी धजावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. कारण या विषयात आधीच एक जुना वाद होता. १९६२ साली एगन, लिंडेन-बेल आणि सँडेज या तिघांनी २२१ ताऱ्यांचा अभ्यास केला. ज्यांच्यात धातू कमी, त्यांच्या कक्षा लांबुळक्या, असा मेळ त्यांना सापडला. (खगोलशास्त्रात हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सगळ्याला ‘धातू’ म्हणतात, ऑक्सिजनलासुद्धा. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी रागावू नये.) त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की एक प्रचंड वायुगोल झपाट्याने आक्रसत गेला आणि त्यातून आकाशगंगा एकटीच घडली. १९७८ साली सर्ल आणि झिन यांनी १९ गोलाकार तारकागुच्छ तपासले आणि उलटं म्हटलं: बाहेरच्या भागातले गुच्छ एका साच्यातले नाहीत, तो भाग लहान-लहान तुकडे गोळा होत उभा राहिला असावा. विशेष म्हणजे दोन्ही बाजूंचं निरीक्षण खरं होतं. दोघांच्याही हाती नमुना फार थोडा होता.

तुकड्यांच्या बाजूला पहिला डोळ्यांनी दिसणारा पुरावा १९९४ साली मिळाला. इबाटा, गिलमोर आणि अर्विन हे आकाशगंगेच्या मध्यभागातल्या ताऱ्यांचे वेग मोजत होते. त्यात एक गट भलत्याच वेगाने चाललेला दिसला. ती धनू राशीच्या दिशेने, केंद्राच्या पलीकडे असलेली आणि सध्या फाटत चाललेली एक बटुदीर्घिका निघाली. म्हणजे गिळण्याचा प्रकार आजही चालू आहे. १९९९ साली हेल्मी आणि सहकाऱ्यांनी हिप्पार्कस या गायाच्या आधीच्या यानाच्या मोजणीतून सूर्याजवळच्या मूठभर जुन्या ताऱ्यांचा एक प्रवाह वेगळा काढला. त्याला आता हेल्मी प्रवाह म्हणतात. हिप्पार्कसच्या यादीत १ लाख १८ हजार तारे होते, आणि त्याची मोजणी तीनशे-सव्वातीनशे प्रकाशवर्षांच्या पुढे भरवशाची राहत नसे. आकाशगंगेची तबकडी लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे. अंगणात उभं राहून तालुक्याचा हिशेब मांडण्यातला तो प्रकार होता.

२५ एप्रिल २०१८ रोजी गायाची दुसरी यादी सगळ्यांसाठी एकाच वेळी खुली झाली. १ अब्ज ३३ कोटी ताऱ्यांचा पराशय, म्हणजे अंतर काढायचं साधन, आणि सत्तर लाखांहून अधिक ताऱ्यांचा आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा वेग तिच्यात होता. दहा हजार प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याचा पराशय साधारण ०.३३ मिलिआर्कसेकंद येतो. उजळ ताऱ्यांच्या बाबतीत गायाची चूक त्यातल्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा कमीच.

त्या यादीबरोबर खुद्द गायाच्या चमूने काही आलेख छापले होते. त्यातला एक मुद्दाम सांगण्यासारखा आहे. आडव्या अक्षावर ताऱ्याचा रंग, उभ्यावर त्याचं खरं तेज. असा आलेख काढला की साधारण एका वयाचे आणि एका घडणीचे तारे एका रेषेवर येतात. चमूने आकाशावर आडवा वेग सेकंदाला २०० किलोमीटरहून जास्त असलेले तारेच निवडले, म्हणजे तबकडीतली नेहमीची गर्दी गाळून तिच्याभोवती दूरवर पसरलेल्या प्रभामंडळातले उनाड तारे तेवढे ठेवले. एक रेष अपेक्षित होती. आल्या दोन, एकमेकींना जवळजवळ समांतर, मध्ये स्पष्ट फट. एक निळसर बाजूला, धातूंनी गरीब. दुसरी तांबूस बाजूला. निस्सेन आणि शुस्टर यांच्या दोन घराण्यांतलं मॅग्नेशियमने गरीब ते निळ्या रेषेवर, श्रीमंत ते तांबड्या रेषेवर, हे लवकरच जुळलं. आता ९४ तारे नव्हते, हजारो होते.

हेल्मी तेव्हा नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या काप्टाइन संस्थेत होत्या. त्या मूळच्या अर्जेंटिनाच्या. ज्या काप्टाइनचं नाव त्या संस्थेला आहे, त्याला या गावात साधी दुर्बीणसुद्धा मिळाली नव्हती. दक्षिण आफ्रिकेतल्या केप वेधशाळेतून डेव्हिड गिल पाठवी त्या काचांवरच्या छायाचित्रांतून त्याने साडेचार लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजून यादी केली. दुसऱ्याच्या निरीक्षणातून आकाशगंगा उलगडण्याची परंपरा त्या गावात जुनीच म्हणायची.

हेल्मी यांच्या गटाने सूर्यापासून सुमारे आठ हजार प्रकाशवर्षांच्या आतले तारे घेतले आणि त्यांच्या तिन्ही दिशांच्या गती मांडल्या. प्रभामंडळातल्या ताऱ्यांचा मोठा हिस्सा तबकडीच्या फिरण्याच्या किंचित उलट दिशेने चाललेला दिसला. सत्तर लाखांत असे सुमारे तीस हजार तारे निघाले. इथेच फिरणाऱ्या वायूतून जन्मलेल्या ताऱ्यांनी उलटं फिरावं, याला कारण सापडणं कठीण. आता प्रश्न उरला रसायनाचा, आणि गायाकडे त्या वेळी त्याचं चांगलं उत्तर नव्हतं.

ते मिळालं अ‍ॅपोजी या सर्वेक्षणातून. स्लोन या आकाश-सर्वेक्षण प्रकल्पाचा हा भाग न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटहून चाले. नंतर चिलीतल्या लास कॅम्पानासहूनही. आकाशातली धूळ दृश्य प्रकाश अडवते, म्हणून वर्णपट अवरक्त प्रकाशात घेतले जात. त्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. रात्री ज्या भागाकडे बघायचं, त्या भागातल्या ताऱ्यांच्या जागी बरोबर भोकं पाडलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक मोठा गोल पत्रा सिएटलच्या विद्यापीठात तयार होई. तो डोंगरावर आला की तिथले तंत्रज्ञ दिवसा त्याच्यासमोर बसून तीनशे प्रकाशतंतू एकेका भोकात हाताने खोचत. कुठला तंतू कुठल्या भोकात गेला, हे नंतर यंत्राने शोधून काढलं जाई. रात्री दुर्बिणीतून प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश आपापल्या तंतूतून वर्णपटमापकात पोचे, म्हणजे एका खेपेला तीनशे वर्णपट. पुढे हे काम यंत्रमानवांकडे गेलं. पण तोवर हातांनी खोचलेल्या तंतूंतून साडेसहा लाखांहून अधिक ताऱ्यांची घडण नोंदली गेली होती. अब्ज पिक्सेलच्या गप्पा होतात तेव्हा ही बोटं विसरली जातात.

उलट चालीचे तारे अ‍ॅपोजीच्या यादीत शोधल्यावर ते मॅग्नेशियमच्या मानाने गरीब रांगेत जाऊन बसले. शिवाय त्यांच्यात लोहाचं प्रमाण बऱ्याच मोठ्या पट्ट्यात पसरलेलं होतं. म्हणजे हे एखाद्या तारकागुच्छाचे तारे नव्हते. त्यांच्या मूळ घरी पिढ्यान् पिढ्या तारे जन्मत आले होते. ती दीर्घिका होती आणि बऱ्यापैकी मोठी होती. ताऱ्यांचंच वस्तुमान सुमारे ६० कोटी सूर्यांएवढं असावं, असा अंदाज आला. यादी खुली झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत निबंधाचा मसुदा तयार होता; ‘नेचर’मध्ये तो ऑक्टोबरच्या अखेरीस आला. त्यांनी तिला गाया-एन्सेलाडस नाव दिलं. ग्रीक पुराणात एन्सेलाडस हा गायाचा, म्हणजे भूमीचा, राक्षसपुत्र. त्याला एटना ज्वालामुखीखाली गाडलं आणि तो हलला की भूकंप होतात, अशी कथा. गाडलेला आणि हादरे देणारा, दोन्ही अर्थ इथे लागू पडतात.

न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. केंब्रिजच्या वासिली बेलोकुरोव्ह यांच्या गटाने हीच घटना वेगळ्या वाटेने, गायाची दुसरी यादी येण्याच्याही आधी, ओळखली होती. पहिल्या यादीला जुन्या स्लोन छायाचित्रांची जोड देऊन त्यांनी ताऱ्यांच्या गती मांडल्या. एका अक्षावर केंद्राभोवती फिरण्याचा वेग, दुसऱ्यावर केंद्राकडे किंवा केंद्रापासून दूर जाण्याचा. तबकडीतले तारे सेकंदाला २२० किलोमीटरच्या आसपास गोळा झाले. प्रभामंडळातले तारे मात्र फिरण्याच्या शून्यापाशी एका लांबट आकारात पसरले: फिरणं जवळजवळ नाहीच, नुसतं आत झेपावणं आणि बाहेर येणं. आकारावरून त्यांनी त्याला सॉसेज म्हटलं. आता निबंधांत दोन्ही नावं जोडून लिहितात. राक्षस आणि खाद्यपदार्थ एका नावात. खगोलशास्त्रज्ञांच्या नामकरणापुढे हात टेकावेत.

या टकरीने इथे काय केलं? आकाशगंगेची तबकडी तेव्हा तयार होत होती. बाहेरच्या दीर्घिकेच्या ओढीने तबकडीतल्या काही ताऱ्यांच्या कक्षा विस्कटल्या आणि ते प्रभामंडळात फेकले गेले. म्हणजे ती तांबूस रेष आपल्याच घरातल्या, पण घराबाहेर काढलेल्या ताऱ्यांची निघाली. शिवाय अनेक गोलाकार तारकागुच्छ त्या दीर्घिकेबरोबर आले. हेल्मी यांच्या पहिल्या निबंधातच तेरा गुच्छांची नावं आहेत. दक्षिणेकडचा ओमेगा सेंटॉरी हा आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गुच्छ म्हणजे गिळल्या गेलेल्या एखाद्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असं बरेच जण मानतात. ती दीर्घिका हीच की दुसरी, यावर एकमत नाही. २०२४ साली हबलच्या वीस वर्षांच्या छायाचित्रांतून त्याच्या मध्याशी फार वेगाने फिरणारे सात तारे सापडले. तिथे किमान ८,२०० सूर्यांएवढं कृष्णविवर असल्याशिवाय ते गुच्छात टिकले नसते. नुसत्या तारकागुच्छात असं विवर असणं नवलाचं, दीर्घिकेच्या गाभ्यात नाही.

आता काळाकडे येऊ, कारण सगळ्यात कच्चा दुवा तोच आहे. एखाद्या ताऱ्याचं वय कळलं म्हणजे तो इथे कधी आला, ते कळत नाही. म्हातारा माणूस कालच गावात राहायला आलेला असू शकतो. मग टकरीचा काळ ठरवायचा कसा? आपल्याच ताऱ्यांवरून. टकरीच्या वेळी जे इथे होते, त्यांच्या कक्षा विस्कटल्या. नंतर जन्मले ते वाचले. न्यू इंडी हा दक्षिणेकडचा एक तारा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. महाराष्ट्रातून मात्र तो क्षितिजाच्या वर येतो न येतो असाच. टेस या यानाने त्याच्या तेजातली थरथर मोजली. ताऱ्याच्या अंतरंगात चालणाऱ्या या कंपनांवरून वय काढता येतं. ते ११ अब्ज वर्षांच्या आसपास निघालं. रसायनावरून तो इथलाच, कक्षा मात्र विस्कटलेली. मग टकर त्याच्या जन्माच्या आधी उरकलेली असणं संभवत नाही. २०२० साली बिल चॅप्लिन यांच्या गटाने एका ताऱ्यावरून हा हिशेब मांडला. २०२२ साली शियांग आणि रिक्स यांनी चीनमधल्या लॅमोस्ट दुर्बिणीचे वर्णपट आणि गायाची मोजणी एकत्र करून सुमारे अडीच लाख ताऱ्यांची वयं काढली. त्यांनी निवडलेले सगळे तारे आयुष्याच्या एका छोट्या टप्प्यात होते. त्या टप्प्यावर तेजावरून वय बऱ्यापैकी थेट वाचता येतं. त्यांच्या हिशेबात जाड तबकडी १३ अब्ज वर्षांपूर्वी घडायला लागली, आणि तिथे ताऱ्यांच्या जन्माला भर आला तो ११ अब्ज वर्षांपूर्वी, टकरीच्या काळाच्या आसपास.

हे सगळं जुळून आल्यासारखं वाटत असतानाच २०२४ साली टॉम डोनलन, हायडी न्यूबर्ग आणि सहकाऱ्यांनी वेगळा सूर लावला. बाहेरून आलेले तारे गतीच्या आलेखात घड्या पाडतात. जसजसा काळ जातो तसतशा घड्या वाढतात, बारीक होतात आणि अखेर दिसेनाशा होतात. गायाच्या तिसऱ्या यादीत त्यांना ज्या घड्या दिसल्या, त्या १० अब्ज वर्षं जुन्या असण्याइतक्या बारीक नव्हत्या. तीन अब्ज वर्षांच्या आतल्या वाटत होत्या. त्यांच्या मते, सूर्याच्या आसपासचे हे लांबुळक्या कक्षांचे तारे बऱ्याच अलीकडच्या, वेगळ्या टकरीतून आलेले आहेत.

मला हा वाद आवडतो, पण डोनलन यांची बाजू अजून पुरेशी पटत नाही. इथल्या विस्कटलेल्या ताऱ्यांची वयं जुन्या टकरीच्या बाजूने आहेत, आणि तीन अब्ज वर्षांपूर्वी एवढं मोठं काही आत शिरलं असतं, तर तबकडीवर त्याची खूण जास्त ठळक राहिली असती. घड्यांचा आक्षेप मात्र हवेत सोडून देण्याजोगा नाही. सूर्याजवळ दोन टकरींचा माल मिसळलेला असेल, तर दोन्ही बाजू अंशतः खऱ्या ठरतील. १९६२ आणि १९७८चा वाद असाच मिटला होता.

याला जोडून एक तक्रार. गायानंतर टकरींची नावं उदंड झाली आहेत: सिक्वोया, क्राकेन आणि कितीतरी. गतीच्या आलेखात जरा उंचवटा दिसला, की एक नवी दीर्घिका जाहीर. मार्च २०२४ मध्ये ख्याती मल्हन आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांनी आकाशगंगेच्या आतल्या भागातले अतिशय जुन्या ताऱ्यांचे दोन प्रवाह दाखवले आणि त्यांना शिव आणि शक्ती अशी नावं दिली. प्रत्येकाचं वस्तुमान सुमारे एक कोटी सूर्यांएवढं, तारे १२ ते १३ अब्ज वर्षांचे. नावामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. पण हे प्रवाह तबकडीच्याच दिशेने फिरतात, त्यामुळे ते बाहेरचे तुकडे आहेत, की आकाशगंगेच्या मध्यभागी ताऱ्यांचा जो लांबट दांडा आहे त्याच्या ओढीने तिथे गोळा झालेले इथलेच तारे आहेत, हा प्रश्न मिटलेला नाही. स्वातीच्या गटाचं काय झालं ते आठवलं, तर घाई नको हे पटेल.

गायाने १५ जानेवारी २०२५ रोजी निरीक्षण थांबवलं, कारण दिशा सांभाळायचा वायू संपत आला होता. २७ मार्चला यान कायमचं बंद करण्यात आलं. त्याची चौथी यादी डिसेंबर २०२६ मध्ये जाहीर करायचं नियोजन आहे. साडेपाच वर्षांच्या मोजण्यांवर ती आधारलेली असेल, आणि डोनलन यांच्या घड्या किती खऱ्या, हे तिच्यातून बरंच स्पष्ट व्हायला हवं.

तोवर वाचकांना दोन कामं. पहिलं: मे महिन्याच्या मध्यावर, रात्री दहाच्या सुमारास, शहराच्या दिव्यांपासून लांब, दक्षिणेला मोकळं क्षितिज असेल तिथे उभे राहा. नरतुरंगात, पुण्याच्या अक्षांशावर क्षितिजापासून साधारण २४ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी नुसत्या डोळ्यांनाही धुरकट ताऱ्यासारखा दिसतो. साध्या द्विनेत्रीतून त्याचा फुगीर गोळा नीट कळतो. दुसरं काम महाविद्यालयांतल्या मुलांसाठी. युरोपीय अवकाश संस्थेने गायाचं सगळं दप्तर कोणालाही फुकट उघडून ठेवलं आहे. प्रश्न विचारायची संगणकी भाषा आठवडाभरात शिकता येते. वेगाने धावणारे तारे निवडा आणि रंग-तेजाचा आलेख काढा. त्या दोन रेषा तुमच्याही पडद्यावर येतील.

पुढच्या आठवड्यात धनू बटुदीर्घिका, आणि तिच्या येरझाऱ्यांचा सूर्याच्या जन्माशी संबंध आहे का, हा प्रश्न.